भाकर तुझी, पंगत आमची

वाचकहो, तुम्ही कधी दुसऱ्याचं पाप मंडळीसमोर मांडलं आहे का? मांडलं असेल तर एवढंच सांगा: त्याला क्षमा मिळावी म्हणून मांडलंत, की तुमचं म्हणणं खरं ठरावं म्हणून?

उत्तर मला कळवू नका. गेल्या वैशाखापासून मी स्वतःच हा प्रश्न टाळत आलो आहे, आणि जिच्यासमोर तो टाळता येत नव्हता ती बाई आता नाही. तेव्हा पुढचं मी तिच्याशीच बोलतो. तुम्ही बसून ऐका.

सगुणामावशी, तुला पुरून आज अठरा दिवस झाले. हलकं धान कापणीला आलं आहे, वस्तीतली सगळी माणसं शेतांच्या बांध्यांत आहेत, आणि मी शाळेच्या पायरीवर कागद घेऊन बसलो आहे. या मासिकाच्या संपादकांनी तुझी माहिती मागवली होती. जन्म कुठला, बाप्तिस्मा केव्हाचा, सेवा किती वर्षं. मी ती पाठवली नाही. त्यातलं निम्मं तुलाही ठाऊक नव्हतं, आणि उरलेलं निम्मं तू दर वेळी वेगळं सांगायचीस.

मी थकलो आहे. रडून नव्हे, रडणं मला अजून नीट जमलेलं नाही. बरोबर असण्यानं माणूस इतका थकतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझी आई छातीच्या दुखण्यानं वर्षभर बाजेवर होती, तेव्हा तू रोज दुपारी यायचीस. तू आमच्या मंडळीची बायबलबाई. गावोगाव पायी हिंडायचं, बायकांत बसायचं, शास्त्रातलं वाचून दाखवायचं, पत्रकं वाटायची, हे तुझं काम. परतताना तू आमच्या ओसरीवर टेकायचीस, पाणी प्यायचीस आणि खांद्यावरची खाकी झोळी माझ्यापुढे टाकायचीस. मी हात घालून एक पत्रक काढायचं आणि तू ते आईला वाचून दाखवायचं, असा आपला रिवाज होता. इतर पोरांकडे भोवरे होते, माझ्याकडे पत्रकं होती. पिवळी, गुलाबी, पातळ कागदाची, हाताला रंग लागणारी. पिवळ्यात एका कुंभाराची गोष्ट होती. त्याचं मडकं भट्टीत तडकलं, म्हणून त्यानं त्यात पाणी न भरता दाणे भरले. गुलाबीत एका आंधळ्या म्हातारीची होती. आई ऐकता ऐकता झोपायची. देव तडकलेलं मडकं फेकत नाही, एवढं धरून ती गेली.

पुढे मी वाचायला शिकलो आणि पिवळं पत्रक स्वतः उघडलं. त्यात कुंभार नव्हता. त्यात न विझणारी आग होती आणि दात खाणं होतं. गुलाबीत म्हातारी नव्हती, दारुड्याचा अंत होता. मला वाटलं, लहान होतो म्हणून मावशीनं मऊ मऊ सांगितलं असेल. आता मोठा झालो, आता खरं वाचायचं. आणि मी वाचलं. पंधराव्या वर्षी मला सगळी पत्रकं पाठ होती. विसाव्या वर्षी मी पाळकसाहेबांच्या उपदेशातल्या चुका टिपून ठेवायचो. अक्षर चांगलं म्हणून पंचांनी मला मंडळीचा चिटणीस केलं. मंडळीचे नियम मीच नव्या वहीत उतरवले. पाठ तर ते आधीच होते.

मग मी माझं पत्रक लिहिलं. आठ पानं, नागपूरला छापलेलं, वर क्रूसाचं चित्र. रविवारी प्रार्थनाघरात गुडघे टेकून सोमवारी मोहाची दारू गाळणाऱ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासणाऱ्यांवर ते होतं. पश्चात्तापाशिवाय कृपा नाही, कबुलीशिवाय पश्चात्ताप नाही आणि उद्याचा भरवसा नाही, असा त्याचा मथितार्थ. गठ्ठा मी तुझ्याच हाती दिला. तू तो कपाळाला लावलास आणि म्हणालीस, आईनं पाह्यलं असतं तं बरं होतं. त्या दिवशी मी फार सुखात होतो.

सावली गावच्या बाजारात मी तुझ्या मागं मागं आलो होतो, हे तुला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. आता सांगतो. मला माझे शब्द कोणाच्या तरी तोंडून ऐकायचे होते. तू बांगडीवाल्याशेजारच्या दगडावर बसलीस, भोवती दहाबारा बायका जमल्या, आणि मी दोरखंडाच्या दुकानामागं उभा राहिलो. तू पत्रक उघडलंस. नजर कागदावर, बोट ओळीवर. आणि वाचायला लागलीस ते एका डोंगेवाल्याचं.

वैनगंगेवर एक डोंगेवाला होता. रागाच्या भरात एकानं त्याचा डोंगा सोडून पाण्यात ढकलला, तो वाहून गेला. डोंगेवाल्यानं झाड शोधलं, वर्षभर कोरून दुसरा डोंगा केला. मग एक दिवस त्याच माणसाला पलीकडे जायची वेळ आली, त्याची लेक पलीकडे आजारी होती. तो तोंडावर शेला गुंडाळून माणसांच्या गर्दीतून डोंग्यात शिरला आणि पार टोकाला जाऊन बसला. डोंगा मध्यावर आल्यावर डोंगेवाला म्हणाला, "तोंडावरचा शेला काढ बाप्पा, गरमी किती होऊन राह्यली. मी तुले काठावरच ओळखलं."

बायका हसल्या. हसता हसता दोघींनी पदर डोळ्यांना लावला. जंगलाकडून मोहफुलं विकायला आलेल्या एका गोंड बाईनं तुला विचारलं, मग त्यानं कबूल केलं का? तू कागदावर बोट पुढं सरकवलंस, जणू ओळ शोधते आहेस, आणि म्हणालीस, "केलं न. पण मधात आल्यावर केलं. काठावर नाई."

"कागदात असंच लिहिलं हाय?"

"असंच."

मावशी, त्या 'असंच'पाशी माझं डोकं फिरलं. आठ पानांत मी जे मोडून काढलं होतं, तेच तू माझ्याच पत्रकावर बोट ठेवून सांगत होतीस. पिवळ्यातला कुंभार, गुलाबीतली म्हातारी, सगळं एका क्षणात समोर आलं. खोटेपणाची चीड आली, असं मी पंचांना सांगितलं. ती आली होतीच. पण तिच्याआधी दुसरं काही आलं होतं. त्या बायका माझं पत्रक ऐकून रडत होत्या, आणि त्यातला एक शब्दही माझा नव्हता.

परतीच्या वाटेवर मी तुला गाठलं आणि विचारलं, दुसऱ्या पानावर काय लिहिलं आहे ते सांग. तू चालता चालता थांबली नाहीस. झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलीस.

"मले वाचता नाई येत, दान्या. तुले आता समजलं? मले वाटे, तू हुशार हायेस."

मग तू सगळं सांगितलंस, मी न विचारता. तुझा नवरा सुवार्तिक होता. तो रोज शास्त्र मोठ्यानं वाचायचा आणि तू चूल फुंकता फुंकता ऐकायचीस, ते तुझ्या डोक्यात बसून जायचं. तो गेला तेव्हा मिशनच्या मडमेनं तुला बोलावून पुस्तक पुढं केलं आणि एक स्तोत्र वाच म्हणाली. ते तुला पाठ होतं. तू पानाकडे बघत म्हणून दाखवलंस. मडमेनं झोळी तुझ्या खांद्यावर घातली. त्याच दिवशी सांगायला हवं होतं, असं तू म्हणालीस. पण त्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या वर्षी भीती वाटली, आणि मग लोक म्हणू लागले की सगुणाबाई फार छान वाचतात. "मंग काय सांगू गा? लोकाईच्या पाया पडून म्हनू, का मी छान वाचत नाई?"

मी हसलो नाही. पंचांपुढे कबूल कर, असं मी म्हणालो. तू लगेच हो म्हणालीस. फक्त एक अट घातलीस. "आधी मले वाचाले शिकव. मंग मी साऱ्यायपुढं उभी राहून सांगतो, का येत नव्हतं, आता येते."

मी म्हणालो, आधी कबुली. शिकवणं मग.

"आधी शिकवलं तं काय होते?"

ती झाकपाक होते, मी म्हणालो. पाप आहे तसं समोर आलं पाहिजे. तू म्हणालीस, "तुले लहानपनी आंघोळ घालाची तं आधी तुले पानी टाकलं, का आधी विचारलं, मळ कबूल हाय का म्हनून?" तुझं हे असंच असायचं. वादाच्या ऐन मध्यावर तू आंघोळ काढायचीस. पुढचा अर्धा कोस मी तुझ्यापुढं झपझप चालत राहिलो. तो वाद तिथंच राहिला. मी अजून त्याच जागी उभा आहे आणि पलीकडून कोणी बोलत नाही.

पंचांची बैठक प्रार्थनाघरात भरली. पंचांतले सगळ्यांत ज्येष्ठ पौलुसभाऊ, गाड्या बनवणारे सुतार, सगळं ऐकून बराच वेळ हातातला पटाशीचा दांडा फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, या बाईच्या तोंडून ऐकून विश्वासात न आलेला इथं कोण बसला आहे? कोणी नव्हता. मीही नव्हतो. पण मी नियमांची वही उघडली. लोकांना फसवणाऱ्यानं मंडळीपुढे उघड कबुली द्यावी, हे त्यात होतंच. ज्येष्ठात पाळकसाहेब चांद्याहून प्रभुभोजनासाठी येतील तेव्हा ती व्हावी, असं ठरलं.

आणि त्या कबुलीसाठी मी जे केलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. कबुली मुद्देसूद व्हावी, काही राहून जाऊ नये, म्हणून मी ती लिहून काढली. दीड पान, सुवाच्य अक्षरात. ज्या बाईला वाचता येत नाही हाच जिचा गुन्हा, तिच्या हाती मी वाचायला कागद दिला, आणि त्यात काही चुकतं आहे हे मला सुचलं नाही. पंचांपैकीही कोणाला सुचलं नाही. आम्ही इतके कागदावर वाढलेले.

तू उभी राहिलीस. कागद दोन्ही हातांनी धरलास, त्याच्याकडे बघितलंस, मंडळीकडे बघितलंस. "यात असं लिहिलं हाय," तू म्हणालीस, "का सगुणाले वाचता येत नाई."

सगळं प्रार्थनाघर हसलं. पाळकसाहेब हसले. मग तू कागद खाली केलास आणि हसू ओसरेपर्यंत थांबलीस. पुढचं तू हळू बोललीस, मागच्या माणसांना ऐकूही गेलं नसेल. तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवला आणि मी इतकी वर्षं तुमच्याशी खोटं वागली, देवाच्या नावानं खोटं वागली, मले माफ करा, असं तू म्हणालीस. तुझा आवाज तेव्हा कापत होता. हे मी पुढं कोणाला सांगितलं नाही. मी फक्त हसण्याचं सांगत राहिलो.

पाळकसाहेबांनी तुला पुढं ये म्हणून खूण केली. ताटात भाकर होती, तूच पहाटे केलेली. आमच्याकडे पाव मिळत नाही. तांदळाच्या पिठाची बिनमिठाची पातळ भाकर आणि मनुका उकळून काढलेला रस, असं आमचं प्रभुभोजन, आणि दोन्ही तुझ्या हातचं. तू दोन पावलं पुढं आलीस आणि मी उभा राहिलो. ज्यानं मंडळीची फसवणूक केली त्यानं कबुलीनंतर एक तिमाही भोजनाबाहेर बसून पश्चात्तापाची फळं दाखवावी, हा नियम मी वाचून दाखवला. लोक हसले आहेत, ही कबुली की तमाशा, असंही मी बोललो. पाळकसाहेबांनी पंचांकडे बघितलं. पंचांनी जमिनीकडे बघितलं. तू वळलीस आणि दाराजवळच्या चटईवर जाऊन बसलीस. ताट सगळीकडून फिरलं. मी माझा तुकडा घेतला. तुझ्या भाकरीला नेहमी थोडा धुराचा वास असायचा, तो त्याही दिवशी होता.

उपासना संपल्यावर पौलुसभाऊंनी मला बाजूला घेऊन विचारलं की पुढच्या खेपेला भाकर कोण करील. मी वही चाळली. भाकर करण्याबद्दल त्यात काही नव्हतं. म्हणून मी निर्णय दिला की भाकर सगुणाबाईंनीच करावी, ती शिक्षेत धरलेली नाही. तू हे ऐकून काय म्हणालीस ते वस्तीत अजून सांगतात. "म्हनजे हात पवित्र हायेत, तोंड तेवढं बाटलं."

भर पावसाळ्यातल्या भोजनाची वेळ आली तेव्हा मूल गावाकडची वाट बंद झाली, नाले भरून वाहत होते. पाळकसाहेब आले नाहीत. निरोप पोचायच्या आधी तू भाकर करून आणली होतीस. फडक्यात गुंडाळलेली ती भाकर टेबलावर तशीच पडून राहिली. तू माझ्याजवळ येऊन विचारलंस, ही चालते का गा मले? अजून तिच्यावर पाळकसाहेबांची प्रार्थना झालेली नाही, ती नुसती भाकर आहे, असं मी सांगितलं. तू एक तुकडा मोडलास आणि माझ्यासमोर उभी राहून चावून चावून खाल्लास. "गोड लागली," म्हणालीस. "तुमची कशी लागते?"

भाकर तीच होती.

भाद्रपदात तुला ताप धरला. गडचिरोलीच्या दवाखान्यातून आणलेल्या गोळ्यांनी तो उतरायचा आणि पुन्हा चढायचा. मी येऊन बसायचो. शिकवायची गोष्ट मी काढली, आता तर कबुली झाली होती. तू उशाखालून माझं पत्रक काढलंस आणि म्हणालीस, थांब. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत, घाम पुसत पुसत तू पहिली ओळ वाचलीस. खरीखुरी, छापलेली. मी थक्क झालो. पाठ असलेली स्तोत्रं उघडून, कोणता शब्द कुठं असेल याचा अंदाज घेत तू तीन महिन्यांत अक्षरं हुडकून काढली होतीस. कोणाला न विचारता. चटईवर बसून उपासनेत तू पुस्तकाकडे का बघत असायचीस ते मला तेव्हा कळलं. मी तो देखावा समजत होतो.

तीन दिवसांत तू माझं पत्रक तिसऱ्या पानापर्यंत नेलंस. मग ते छातीवर ठेवलंस.

"किती रागावला होतास गा तू," म्हणालीस. "एवढा राग कोनावर?"

मी म्हणालो, पापावर.

"पापावर असता तं थकला नसतास." आणि मग हसून, "हे मले आधी वाचता आलं असतं तं म्या बाजारात एकीलेही देल्लं नसतं."

त्याच दिवशी तू भाकर मागितलीस. नुसती नव्हे, ती दुसरी. माझे शिक्षेचे दिवस भरले, मले प्रभूच्या मेजाबाहेर मरायचं नाई, असं म्हणालीस. पौलुसभाऊ तिथंच होते. ते मला अंगणात घेऊन गेले. चांद्याला पत्र टाक, ते म्हणाले, पाळकसाहेबांना लवकर बोलाव, तुझ्या शब्दावर येतील. मी म्हणालो, ते आठ दिवसांनी येणारच आहेत. तिमाहीही उलटली आहे, रीतसर सगळ्यांदेखत परत घेऊ, तिचाच मान राहील. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "दान्या," ते म्हणाले, "तिचा मान का तुझा?" मी घरात येऊन तुला सांगितलं की आठ दिवस धीर धर.

"बरं," तू म्हणालीस. "थांबतो मी."

चार दिवस थांबलीस. पाचव्या सकाळी गेलीस.

एक पत्र, मावशी. ज्यानं आठ पानं छापून घेतली, दीड पान तुझी कबुली लिहिली, सबंध वही उतरवली, त्याला चार ओळींचं एक पत्र लिहिता आलं नाही. माझ्या सगळ्या लिहिण्यातलं तेवढंच लिहायला हवं होतं.

पाळकसाहेब ठरल्या रविवारी आले. प्रार्थनाघर भरलं, टेबलावर पांढरं कापड घातलं, आणि मग लक्षात आलं की भाकर नाही. कोणी केलीच नव्हती. दर वेळी ती यायची, म्हणून या वेळीही येईल असं प्रत्येकाला वाटलं होतं. कोणीतरी सावलीहून आणलेला बिस्किटांचा पुडा घरून घेऊन आलं. पाळकसाहेबांनी बिस्किटं मोडून ताटात ठेवली. कोणी कोणाकडे बघेना.

ताट निघण्याआधी मी उभा राहिलो आणि म्हणालो, मला कबुली द्यायची आहे. सगुणाबाईंनी भाकर मागितली होती, मी ती अडवली. त्यांची कबुली खरी होती हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. त्यांनी माझं पत्रक वाचलं नाही म्हणून मला राग होता. त्याला मी नियमाचं नाव दिलं. मला भोजनाबाहेर बसवा.

पाळकसाहेबांनी मायेनं समजावलं की मी नियमानंच वागलो. पंचांनी माना डोलावल्या. दुःखाच्या भरात बोलतो आहे, असं कोणी हळूच म्हणालं. मावशी, वहीत माझ्या पापाला नाव नव्हतं. वही मीच उतरवली होती आणि तिच्यात मला बसायला जागा नव्हती. ताट माझ्यापुढं आलं. ते मी पुढं सरकवलं. का, ते मला नीट सांगता येत नाही. तुला ते आवडलं नसतं. घे म्हणाली असतीस, बावळट, घे.

तू खोटं वाचलंस, हे मी आजही म्हणतो. त्या गोंड बाईनं विचारलं तेव्हा 'असंच' म्हणायला नको होतंस. तुझी गोष्ट तुझीच म्हणून सांगितली असतीस तरी त्या बायका तेवढ्याच रडल्या असत्या. हे मला तुझ्या तोंडावर बोलायचं होतं आणि मग तुझं काहीतरी विचित्र उत्तर ऐकायचं होतं. पण हेही खरं आहे की ज्या देवापुढे मी आता तोंड लपवून बसलो आहे, तो मला पत्रकांतून मिळाला नाही. पत्रकांतल्या देवाकडे मी आज गेलो नसतो. ज्याच्याकडे जावंसं वाटतं तो तू आमच्या ओसरीवर, पिवळा कागद हातात धरून, छापलेल्या ओळी सोडून सांगितलेला. एवढं देणं तू मला दिलंस आणि मी तुला एक तुकडा दिला नाही.

पश्चात्ताप म्हणजे काय, यावर मी आठ पानं लिहिली होती. आता कोणी विचारलं तर एक ओळ सांगता येणार नाही. मला झाला आहे तो पश्चात्ताप आहे की नुसता थकवा, हेही कळत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, नाव कायले पाह्यजे. मला पाहिजे असतं, मावशी. मी अजून तसाच आहे. माफ कर, हे मी तुला एकदाही म्हणालो नाही. बाजेशेजारी इतके दिवस बसलो आणि तुला फक्त अक्षरं विचारत राहिलो.

वाचकहो, आता तुमच्याकडे येतो. तुमच्या मंडळीत कोणीतरी आज भोजनाबाहेर असेल. कोणाच्या घरी दारू सापडली असेल, कोणी बाहेर लग्न लावलं असेल, कोणी देवीला कोंबडं दिलं असेल. त्यांनी केलं ते चांगलं केलं, असं मी म्हणत नाही. पण त्यांचं नाव तुम्हांला ठाऊक आहे आणि घरही ठाऊक आहे. पुढच्या भोजनाची तारीख बघत बसू नका. त्यांना काय सांगायचं आहे ते त्यांच्या शब्दांत ऐकून घ्या, तुमच्याकडून काही लिहून नेऊ नका. मग तुमच्या पाळकांना आजच चार ओळींचं पत्र टाका, की इथं एक माणूस भुकेलं आहे, लवकर या. टपाल सकाळी निघतं. हा अंक खाली ठेवा आणि आधी ते पत्र लिहा.